लॅपटॉपचे साउंड कार्ड मध्येच नाहीसे होते : दोष ड्रायव्हरचा की बोर्डाचा?

मूकवाद्य (धागाकर्ता)

नमस्कार. अलीकडे माझ्या लॅपटॉपचे साउंड कार्ड काम करता करता मध्येच नाहीसे होऊ लागले आहे. यंत्रावर विंडोज ११ आहे आणि प्रोसेसर इंटेलचा आहे. लॅपटॉप स्लीपमधून उठवला, किंवा कधी कधी नुसता एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवला, तरी टास्कबारवरील स्पीकरच्या चिन्हावर फुली येते आणि आवाजाचे कोणतेही उपकरण बसवलेले नाही असा संदेश दिसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एरवी दिसणारी साउंड कार्डाची नोंद त्या वेळी नसते. इंटेल डिस्प्ले ऑडिओची नोंद मात्र जागेवर असते. रीस्टार्ट केल्याने काहीही फरक पडत नाही. रात्रभर बंद ठेवल्यावर सकाळी आवाज पुष्कळदा परत येतो, पण येईलच याची खात्री नसते.

आतापर्यंत विंडोजचा ट्रबलशूटर चालवून पाहिला, बायोस अद्ययावत केले आणि लॅपटॉपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरील ड्रायव्हर (साउंड कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) बसवण्याचाही प्रयत्न केला. परंतु योग्य हार्डवेअर सापडत नाही असे सांगून इन्स्टॉलर अर्ध्यातच थांबतो. ब्लूटूथ हेडफोन व्यवस्थित चालतात. विंडोज नव्याने टाकावे की मदरबोर्ड दुरुस्तीला द्यावा, हे ठरवण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे यंत्र न उघडता कितपत निश्चित करता येते, असा माझा प्रश्न आहे.

कोरीपाटी

अशा तक्रारींत शोधाशोध करत बसण्यापेक्षा महत्त्वाच्या फायलींची प्रत काढून विंडोज नव्याने टाकणे सोपे पडते. दहापैकी नऊ वेळा ड्रायव्हरचीच गडबड असते.

कंट्रोलर

वरील सल्ल्याशी मी सहमत नाही. इन्स्टॉलरला हार्डवेअरच सापडत नसेल, तर नव्याने टाकलेल्या विंडोजलाही ते सापडण्याचे कारण नाही, आणि दिवसभराच्या खटपटीनंतर आपण पुन्हा याच फुलीसमोर बसलेले असाल.

प्रथम ‘आवाज येत नाही’ आणि ‘साउंड कार्ड ओळखले जात नाही’ या दोन तक्रारी वेगळ्या कराव्यात. पहिल्या प्रकारात डिव्हाइस मॅनेजरमध्ये नोंद असते, परंतु आउटपुट चुकीचे निवडलेले असते, विंडोज ऑडिओ ही सेवा थांबलेली असते किंवा स्पीकरचा अँप्लिफायर बंद राहिलेला असतो. सेवा थांबल्याने डिव्हाइस मॅनेजरमधील नोंद पुसली जात नाही. आपल्याकडे नोंदच नाहीशी होते, म्हणजे प्रश्न याच्या खालच्या पायरीवरचा आहे.

आता ती खालची रचना पाहू. आपण ज्याला साउंड कार्ड म्हणतो ती लॅपटॉपमध्ये एक वस्तू नसून दोन असतात. एक कंट्रोलर, जो इंटेलच्या यंत्रात चिपसेटमध्येच असतो आणि पीसीआय (यंत्रातील अंतर्गत जोडणीची एक पद्धत) उपकरण म्हणून दिसतो. आणि दुसरी कोडेक नावाची लहानशी वेगळी चिप, जी आकड्यांचे विद्युत्-लहरींत रूपांतर करून स्पीकरकडे आणि हेडफोनच्या खाचेकडे पाठवते. या दोघांना जोडणारी मोजक्या तारांची एक वाहिनी असते. २००४ साली इंटेलने हाय डेफिनिशन ऑडिओचे जे मानक आणले, त्याने १९९७ च्या एसी-९७ या जुन्या पद्धतीची जागा घेतली आणि आजही पुष्कळ लॅपटॉप त्याच पद्धतीने चालतात. कंट्रोलर रीसेटमधून बाहेर आला की वाहिनीवरील प्रत्येक कोडेक आपण हजर असल्याची खूण करतो, आणि त्या खुणा कंट्रोलरच्या एका रजिस्टरमध्ये, म्हणजे त्याच्या आतील लहानशा नोंदजागेत, बिटांच्या रूपाने नोंदल्या जातात. ज्याने खूण केली नाही त्याची नोंद कार्यप्रणालीपर्यंत पोहोचतच नाही. ड्रायव्हरचा प्रश्न त्यानंतरचा.

आपल्या लेखनात एक महत्त्वाचा धागा जाता जाता येऊन गेला आहे. इंटेल डिस्प्ले ऑडिओ, म्हणजे एचडीएमआयवाटे मॉनिटरला आवाज पुरवणारा भाग, हादेखील एक कोडेकच असतो आणि तो साधारणपणे त्याच कंट्रोलरवर बसलेला असतो. तो दिसतो आहे याचा अर्थ कंट्रोलर जिवंत आहे, त्याचा ड्रायव्हर चढलेला आहे आणि हजेरी घेण्याचे कामही होत आहे. फक्त स्पीकरचा कोडेक हजेरी देत नाही. हा तर्क एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाच्या एचडीएमआय ऑडिओला लागू होत नाही, कारण त्या कार्डावर स्वतःचा स्वतंत्र कंट्रोलर असतो. ब्लूटूथचा मार्ग तर पूर्णपणे वेगळा असल्याने त्यावरून काहीच निष्कर्ष निघत नाही.

खात्रीसाठी दोन गोष्टी पाहाव्यात. दोष हजर असताना डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूतून लपलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडावा. साउंड कार्डाची नोंद फिकट रंगात दिसली आणि तिच्या गुणधर्मांत कोड ४५ असला, तर विंडोज त्या उपकरणाला ओळखते, परंतु ते या क्षणी जोडलेले नाही असे तिचे म्हणणे आहे. त्याच नोंदीच्या डिटेल्स या भागात हार्डवेअर आयडी असतो. त्यात व्हेंडरनंतरचा आकडा १०ईसी असेल तर कोडेक रिअलटेकचा, १४एफ१ असेल तर कोनेक्सँटचा, १०१३ असेल तर सिरस लॉजिकचा आणि ८०८६ असेल तर तो इंटेलचा, म्हणजे बहुधा डिस्प्ले ऑडिओचा. दुसरे असे की लॅपटॉपचा अंगचा मायक्रोफोन त्या वेळी चालतो का, ते पाहावे.

अर्धस्वर

माझीही तक्रार जवळजवळ अशीच आहे, म्हणून येथेच विचारतो. माझ्याकडे एका अपडेटनंतर आवाज गेला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंड कार्डाची नोंद नाही आणि डिस्प्ले ऑडिओचीही नाही. त्याऐवजी सिस्टम डिव्हायसेसच्या गटात इंटेल स्मार्ट साउंडच्या एका नोंदीवर पिवळी खूण आहे आणि तिच्यात कोड १०, म्हणजे उपकरण सुरू होऊ शकत नाही, असे लिहिलेले आहे. यंत्र बंद करून चालू केले तरी स्थिती बदलत नाही.

कंट्रोलर

अर्धस्वर, लक्षणे वरवर सारखी दिसली तरी आपला दोष वेगळा आहे आणि आपल्या बाबतीत ड्रायव्हरवरच संशय घ्यावा लागेल. आपल्याकडे दोन्ही कोडेक एकदम नाहीसे झाले, म्हणजे अडचण त्यांच्या वरच्या पायरीवर, कंट्रोलरच्या ड्रायव्हरपाशी आहे. इंटेलच्या नव्या चिपसेटमध्ये कंट्रोलरबरोबर एक ध्वनिप्रक्रियक असतो आणि स्मार्ट साउंड हा त्याचा ड्रायव्हर असतो. तो सुरूच झाला नाही, तर त्याच्या आधाराने उभी असलेली कोडेकची नोंद तयारच होत नाही. त्यामुळे कोडेकचा ड्रायव्हर कितीही वेळा बसवला तरी उपयोग होत नाही. आधी स्मार्ट साउंडचा ड्रायव्हर आणि मग कोडेकचा, हा क्रम पाळावा लागतो.

पिवळी खूण असलेल्या नोंदीच्या गुणधर्मांत ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण सक्रिय असेल तर प्रथम ते वापरावे. नसेल तर ती नोंद अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हर काढून टाकण्याच्या पर्यायावरही खूण करावी, यंत्र रीस्टार्ट करावे आणि आपल्याच मॉडेलसाठी दिलेला ड्रायव्हर बसवावा. अपडेटमधून चुकीचा ध्वनी-ड्रायव्हर येणे ही काही कल्पित गोष्ट नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंटेलच्या ध्वनी-ड्रायव्हरची ९.२१.००.३७५५ ही आवृत्ती विंडोज अपडेटवाटे काही यंत्रांवर चुकून गेली, त्यांचा आवाज बंद पडला आणि मायक्रोसॉफ्टला ती काढून टाकण्यासाठी स्वतंत्र दुरुस्ती द्यावी लागली होती.

मूकवाद्य

आज दोष हजर असतानाच दोन्ही गोष्टी पाहिल्या. लपलेली उपकरणे दाखवल्यावर साउंड कार्डाची नोंद फिकट दिसते आणि कोड ४५ आहे. आश्चर्याची बाब म्हणजे अंगचा मायक्रोफोन चालतो. ध्वनिमुद्रण होते आणि ते ब्लूटूथवर ऐकूही येते. साउंड कार्ड नसताना मायक्रोफोन कसा काय चालतो?

कंट्रोलर

ज्या लॅपटॉपमध्ये पडद्याच्या चौकटीत डिजिटल मायक्रोफोन बसवलेले असतात, तेथे त्यांच्या तारा बहुधा कोडेककडे न जाता थेट चिपसेटमधील त्या ध्वनिप्रक्रियकाकडे जातात. त्यामुळे कोडेक पूर्ण मृत असला तरी ते चालू राहतात. म्हणजे चिपसेटची बाजू निर्दोष असल्याचा आपल्याकडे आता दुसरा पुरावा आहे. उरतो तो कोडेक, त्याचा वीजपुरवठा, त्याच्यापर्यंतची वाहिनी आणि त्याला झोपवणारे-उठवणारे सॉफ्टवेअर. यांतील शेवटचे कारण वेगळे काढता आले, तर विंडोज नव्याने टाकावे की नाही या प्रश्नाचे उत्तर मिळेल.

टर्मिनल

ते वेगळे काढण्यासाठी लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह सर्वांत उपयोगी आहे, कारण डिस्कवर काहीही न बसवता पूर्णपणे वेगळ्या ड्रायव्हरकडून हजेरी घेता येते. मात्र ही चाचणी कोणत्या क्रमाने केली, यावर तिचा अर्थ अवलंबून असतो, आणि लोक नेमके येथेच घाई करतात.

यंत्र बंद करून मग लिनक्समध्ये सुरू केले आणि आवाज आला, तर त्यावरून विंडोज दोषी ठरत नाही. मधल्या काळात कोडेकची वीज गेली होती आणि तेवढ्यानेच तो भानावर आलेला असू शकतो. म्हणून दोष हजर असताना विंडोजमधूनच शिफ्टची कळ दाबून धरून रीस्टार्ट निवडावे, येणाऱ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ हा पर्याय घ्यावा आणि वीज न तोडता थेट पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करावे. अशा वेळी लिनक्सला कोडेक सापडला, तर चिप आणि तारा ठीक आहेत आणि संशय विंडोजच्या ड्रायव्हरवर जातो. सापडला नाही, तर मात्र घाई करू नये, कारण विंडोजने कोडेकला ज्या अवस्थेत सोडले त्याच अवस्थेत तो पुढच्या कार्यप्रणालीच्या हाती येतो. दोन कार्यप्रणाली ठेवणाऱ्यांना हा त्रास परिचयाचा आहे. मग दुसरी फेरी करावी : संपूर्ण वीज तोडावी आणि विंडोज अजिबात सुरू न करता थेट लिनक्समध्ये जावे. तेथेही कोडेक दिसेनासा झाला, तर विंडोजचा संबंध संपला.

लिनक्समध्ये काय पाहायचे तेही सांगतो. टर्मिनल उघडून एलएसपीसीआय (lspci) ही आज्ञा दिली की पीसीआय उपकरणांची यादी येते. तिच्यात ऑडिओ या शब्दाची ओळ असेल तर कंट्रोलर हजर आहे. इंटेलच्या अलीकडच्या यंत्रांत त्याचा पत्ता बहुधा ००:१एफ.३ असतो, जुन्यांत ००:१बी.० असे. त्यानंतर कार्यप्रणालीच्या गाभ्याचे संदेश दाखवणारी डीमेसेज (dmesg) ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने द्यावी आणि ध्वनीसंबंधीच्या ओळी वाचाव्यात. डिजिटल मायक्रोफोन असलेल्या यंत्रावर साउंड ओपन फर्मवेअर हा ड्रायव्हर चालतो आणि तो ‘एचडीए कोडेक्स फाउंड, मास्क ५’ अशा अर्थाची एक ओळ लिहितो. हा मास्क म्हणजे हजेरीचा तोच बिटांचा आकडा आहे. शून्याव्या स्थानावरील कोडेकचा भार १ आणि दुसऱ्या स्थानावरील डिस्प्ले ऑडिओचा ४, म्हणून दोन्ही हजर असतील तर ५. तुमच्या यंत्रावर दोषाच्या वेळी तेथे ४ दिसेल असा माझा अंदाज आहे. जुना ड्रायव्हर असलेल्या यंत्रांवर त्याऐवजी एकही कोडेक न सापडल्याची किंवा कोडेकच्या उत्तराची वाट पाहून वेळ संपल्याची ओळ येते.

आवाजाच्या सेटिंगमध्ये केवळ ‘डमी आउटपुट’ दिसले, तर तेवढ्यावरून कोडेक गेला असे मानू नये. ध्वनिप्रक्रियकाची फर्मवेअर फाइल त्या पेनड्राइव्हवर नसली तरीही तसेच दिसते. फाइल नसल्याची ओळ डीमेसेजमध्ये स्पष्ट येते.

कंट्रोलर

टर्मिनल यांनी संपूर्ण वीज तोडण्याचा उल्लेख केला आहे, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण विंडोजमधील ‘शट डाउन’ने ती तुटतेच असे नाही.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप ही सोय आहे. ती चालू असेल तर शट डाउन करताना कर्नेल (कार्यप्रणालीचा गाभा) आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. त्यामुळे ड्रायव्हरच्या दृष्टीने शट डाउनपेक्षा रीस्टार्ट अधिक स्वच्छ असतो. विजेच्या दृष्टीने मात्र उलट आहे : रीस्टार्टमध्ये कोडेकला रीसेटचा संकेत मिळतो, पण त्याचा वीजपुरवठा तुटेलच असे नसते, आणि विद्युत्-दृष्ट्या अडकून पडलेली चिप नुसत्या संकेताने सुटत नाही. आपला लॅपटॉप रीस्टार्टला दाद देत नाही, पण रात्रभर बंद राहिल्यावर पुष्कळदा सुधारतो, हे या चित्राशी जुळते.

दोन्ही एकत्र साधण्यासाठी शिफ्ट दाबून धरून शट डाउन निवडावे, चार्जर आणि जोडलेली सर्व उपकरणे काढावीत आणि पॉवरचे बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरावे. बॅटरी आतमध्ये असल्यास काही मॉडेलांच्या बायोसमध्ये ती तात्पुरती तोडण्याचा पर्याय असतो, तर काहींच्या तळाशी टाचणी जाईल एवढे रीसेटचे छिद्र असते. बायोसमध्ये गेलाच आहात तर अंगच्या ऑडिओची सेटिंग बंद झालेली नाही ना, हेही पाहून घ्यावे.

मूकवाद्य

दोन्ही फेऱ्या झाल्या. दोष हजर असताना थेट लिनक्समध्ये गेलो तेव्हा मास्कचा आकडा खरोखरच ४ होता. नंतर बायोसमधून बॅटरी तोडून, सर्व वीज काढून पुन्हा थेट लिनक्स सुरू केले, तेव्हा तो ५ झाला आणि स्पीकरमधून आवाजही आला. लिनक्समध्येच काम चालू ठेवले होते. काही वेळाने लॅपटॉप उचलून मांडीवर घेतला आणि आवाज थांबला. त्यानंतर लिनक्समध्येच रीस्टार्ट केल्यावर मास्क पुन्हा ४. या संपूर्ण काळात विंडोज एकदाही सुरू झाले नव्हते.

डीमेसेजच्या ओळींत आणखी एक गोष्ट आढळली. आवाज गेला त्याच क्षणाच्या आसपास यूएसबीचे एक उपकरण तुटून पुन्हा जोडले गेल्याची नोंद आहे. ते उपकरण म्हणजे हेडफोनच्या खाचेशेजारच्या पोर्टमध्ये लावलेला माउस.

टर्मिनल

म्हणजे विंडोज सुटले. वीज वाचवण्याच्या सेटिंगचा एक प्रयोग मात्र बाकी राहतो आणि तो करायला फार वेळ लागत नाही. लिनक्सचा जुना ड्रायव्हर काही वेळ आवाज नसला की कोडेकला झोपवतो. एसएनडी-एचडीए-इंटेल या मॉड्यूलच्या पॉवर-सेव्ह या पॅरामीटरला ० दिले की ते थांबते. साउंड ओपन फर्मवेअरची व्यवस्था वेगळी असल्याने तुमच्याकडे सर्वांत सोपी पद्धत म्हणजे आवाज अखंड वाजता ठेवणे, कारण वाजत असलेल्या कोडेकला कोणीही झोपवत नाही. वाजत असतानाही तो गेला, तर वीजबचतीचा संशयही मिटेल.

मूकवाद्य

आवाज अखंड वाजता ठेवूनच लॅपटॉप उचलला होता आणि तो वाजता वाजता थांबला, म्हणून हा प्रयोग आधीच झाला आहे असे म्हणता येईल. तरीही पुन्हा करून पाहिला. टेबलावर स्थिर असताना आवाज चालू राहतो. हेडफोनच्या खाचेच्या बाजूचा कोपरा किंचित दाबला की तो जातो आणि त्याच वेळी माउसही तुटतो.

सोल्डर

मी लॅपटॉपची दुरुस्ती करतो. आतापर्यंतच्या माहितीवरून मी मदरबोर्डाला हात लावण्यापूर्वी शेजारचा लहान बोर्ड तपासेन.

काही लॅपटॉपमध्ये कोडेक मदरबोर्डावर असतो, तर काहींमध्ये तो हेडफोनची खाच, एकदोन यूएसबी पोर्ट आणि कार्ड रीडर यांच्यासह एका लहान बोर्डावर बसवलेला असतो. आम्ही त्याला आय-ओ बोर्ड म्हणतो. तो मदरबोर्डाला एका चपट्या रिबन केबलने जोडलेला असतो आणि ती केबल दोन्ही टोकांना पातळ कुलपाच्या कनेक्टरमध्ये नुसती पकडलेली असते. ही पकड सैल झाली, केबल तिरकी बसली किंवा संपर्कपट्ट्यांवर ओलाव्याचा थर चढला, की त्या बोर्डावरील गोष्टी एकत्र किंवा एकेक करून तुटू लागतात. नुसता कोडेक गेला असता तर चिपचे सोल्डर, तिचा वीजपुरवठा, चिपसेटपासूनची तार असे बरेच संशयित राहिले असते. येथे कोडेक आणि शेजारचा यूएसबी पोर्ट एकाच दाबाने तुटतात. विद्युत्-दृष्ट्या या दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, समान आहे तो बोर्ड आणि ती केबल.

एक शंका येऊ शकते की संपर्काचा दोष असेल तर वीज तोडल्यावर तो सुधारतो कसा. दाब निघताच संपर्क पुष्कळदा आपोआप परत जुळतो, परंतु वीज क्षणभर तुटून अर्धवट आल्याने चिप गोंधळलेल्या अवस्थेत अडकते आणि पूर्ण वीज गेल्याशिवाय सुटत नाही. यूएसबीची गोष्ट वेगळी आहे, कारण ते चालू स्थितीत तोडणे-जोडणे गृहीत धरूनच बनवलेले आहे, म्हणून माउस लगेच परत येतो. कधी कधी वीज तोडूनही साउंड कार्ड परत येत नाही, ते अशासाठी की त्या वेळी संपर्क खरोखरच तुटलेला असतो.

आपल्या मॉडेलची देखभाल-पुस्तिका उपलब्ध असल्यास तिच्यात सुट्या भागांच्या यादीत ‘ऑडिओ बोर्ड’ किंवा ‘आय-ओ बोर्ड’ आहे का, हे पाहावे. नसेल तर कोडेक मदरबोर्डावर असण्याची शक्यता वाढते.

यंत्र उघडण्याची सवय असेल तरच पुढचे करावे. तळाचे झाकण काढल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवावा. कनेक्टरचे कुलूप दोन प्रकारचे असते : एकात बारीक पट्टी वर उचलायची असते, दुसऱ्यात ती केबलच्या दिशेने दोन्ही बाजूंनी समान सरकवायची असते. कोणता प्रकार आहे ते भिंगातून पाहिल्याशिवाय जोर लावू नये, कारण ही पट्टी तुटली तर अख्खा कनेक्टर बदलावा लागतो. केबल बाहेर काढून तिच्या टोकाच्या पट्ट्या काळवंडलेल्या किंवा हिरवट आहेत का, ते पाहावे. तसे असल्यास तंतू न सोडणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलकेच पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. परत बसवताना केबलवरील आडवी रेघ कनेक्टरच्या कडेशी समांतर दिसली पाहिजे. तिरकी दिसली तर पुन्हा काढून बसवावी.

अर्धस्वर

माझा प्रश्न सुटला. रोल बॅकचे बटण निष्क्रिय होते, म्हणून स्मार्ट साउंडची नोंद ड्रायव्हरसह काढली आणि कंट्रोलर यांनी सांगितलेल्या क्रमानेच दोन्ही ड्रायव्हर बसवले. डिस्प्ले ऑडिओ आणि साउंड कार्ड दोन्ही एकदम परत आले.

सोल्डर यांना एक विचारायचे आहे. कोडेक मदरबोर्डावर असेल आणि त्याचे सोल्डर सुटले असेल, तर हॉट एअरने तापवून तो पुन्हा चालतो असे दाखवणारी चित्रणे पुष्कळ दिसतात. ते विश्वसनीय आहे काय?

सोल्डर

अनुभवी हातांनी, फ्लक्स (सोल्डर नीट चिकटण्यासाठी लावायचा पदार्थ) लावून, योग्य तापमानाला केले तर तो दुरुस्तीचा मान्य मार्ग आहे. ही चिप सहसा बिनपायांची असते. कडेने बारीक संपर्क आणि पोटाखाली एक मोठी धातूची पट्टी. ती पट्टी नीट वितळली की नाही हे बाहेरून दिसत नाही. केस वाळवण्याच्या यंत्राने तापवून ती ‘बरी’ होते त्या वेळी बहुधा प्रसरणाने तडा तेवढ्यापुरता मिटलेला असतो आणि शेजारचे प्लॅस्टिकचे कनेक्टर मात्र कायमचे वाकतात. मी तो उद्योग करू नये असेच सांगेन.

चिप बदलण्याचा खर्च यंत्राच्या वयाला परवडत नसेल, तर यूएसबीचा लहान ध्वनी-अडॅप्टर हा कमीपणा मानण्याचे कारण नाही. त्यात स्वतःचा कोडेक असतो आणि यूएसबी ऑडिओच्या मानकाची पहिली आवृत्ती १९९८ ची असल्याने त्याचा साधा ड्रायव्हर सर्व कार्यप्रणालींत आधीपासून असतो. दुसऱ्या आवृत्तीच्या अडॅप्टरसाठी विंडोज १० ची १७०३ किंवा त्यानंतरची आवृत्ती लागते. अंगचे स्पीकर मात्र त्याने जिवंत होत नाहीत, कारण त्यांच्या तारा जुन्या कोडेककडेच जातात.

कंट्रोलर

त्याला एक पुस्ती जोडतो. तात्पुरती सोय म्हणून ब्लूटूथ हेडसेट वापरणाऱ्यांनी संभाषणाच्या वेळी इनपुट म्हणून हेडसेटचा मायक्रोफोन न निवडता लॅपटॉपचा अंगचा मायक्रोफोन निवडावा. क्लासिक ब्लूटूथवर हेडसेटचा मायक्रोफोन सुरू झाला की जोडणी संभाषणाच्या प्रोफाइलवर जाते आणि ऐकू येणारा आवाजही बहुधा ८ किंवा १६ किलोहर्ट्झ नमुनादरापर्यंत खाली येतो. मूकवाद्य यांच्यासारखा डिजिटल मायक्रोफोन चालू असेल तर हा त्रास टळतो.

मूकवाद्य

देखभाल-पुस्तिकेत आय-ओ बोर्ड स्वतंत्र भाग म्हणून दाखवलेला आहे आणि त्याच्या चित्रात हेडफोनची खाच व यूएसबी पोर्ट दोन्ही आहेत. यंत्र उघडण्याची मला सवय नसल्याने ते एका तंत्रज्ञाकडे नेले आणि ‘आवाज येत नाही’ एवढेच न सांगता कोपरा दाबल्यावर साउंड कार्ड व माउस एकत्र तुटतात हे त्यांना प्रत्यक्ष दाखवले. त्यांनी मदरबोर्ड न काढता थेट ती केबल तपासली. मदरबोर्डाकडच्या टोकाला ती तिरकी बसलेली होती आणि कडेच्या काही पट्ट्यांवर घासल्याच्या खुणा होत्या. त्यांनी केबलच बदलली.

त्यानंतर लॅपटॉप उचलला, तो कोपरा दाबून पाहिला, स्लीपमध्ये घालून उठवला. साउंड कार्ड जागेवर आहे. लिनक्समध्येही मास्क ५ राहतो. शोध चालू असताना विंडोजमधील फास्ट स्टार्टअप बंद केले होते. ते आता बंदच ठेवावे की पुन्हा चालू केले तरी चालेल?

कंट्रोलर

आपला दोष केबलचा होता, त्यामुळे फास्ट स्टार्टअपशी त्याचा संबंध नाही. पुन्हा चालू करण्यास हरकत नाही. लिनक्स मात्र कायमचे बसवून विंडोजच्या विभाजनातील फायली तेथून बदलण्याचा विचार असेल, तर ते बंदच ठेवावे, कारण अर्धवट झोपलेल्या विंडोजच्या फाइल-रचनेत लिहिणे धोक्याचे असते आणि लिनक्स असे विभाजन बहुधा केवळ वाचण्यापुरतेच उघडते.